पाच कंद मागणाऱ्यांचं खुलं पत्र

प्रति,
बटाट्याचं बेणं प्रमाणित करणाऱ्या यंत्रणा, वाणांची अधिकृत यादी ठेवणारी कार्यालयं आणि बटाट्याचे संग्रह सांभाळणाऱ्या जनुकपेढ्या

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकीच एका संस्थेकडून आलेलं उत्तर हे या पत्राचं निमित्त आहे. एका जुन्या वाणाचे पाच रोगमुक्त कंद मिळतील का, एवढंच मी विचारलं होतं. उत्तर सभ्य होतं आणि दोन ओळींत संपलं: हा वाण आमच्या संग्रहात आहे, मात्र लागवडीचं साहित्य फक्त संशोधकांना आणि नवे वाण तयार करणाऱ्यांना दिलं जातं. त्याआधी बेणं विकणाऱ्यांकडे चौकशी केली होती. तो वाण अधिकृत यादीतून केव्हाच निघाला आहे, त्यामुळे त्याचं बेणं आम्हाला विकता येत नाही, असं तिथे कळलं. म्हणजे वाण जिवंत आहे, निरोगी आहे, काचेच्या नळीत नीट सांभाळलेला आहे. पण जो माणूस तो मातीत लावायला तयार आहे, त्याला तो मिळण्याची सोय नाही. हे मला मान्य नाही. आणि माझ्यासारखे कितीतरी जण याच दोन ओळी वाचून गप्प बसले असतील, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

मी परसबागेत बटाटे लावते. ज्या वाणाबद्दल बोलते आहे तो मला एका ज्येष्ठ बागवाल्यांनी दिला. लांबट, गाठीगाठींचा, गुलाबी सालीचा, आतून पिवळसर. उकडला तरी फुटत नाही, कापला की कडा शाबूत राहतात. असा बटाटा बाजारात येत नाही, कारण यंत्राने त्याची साल निघत नाही, गाठींमध्ये माती अडकते आणि प्रतवारीच्या चाळणीवर तो कुठल्याच आकारात बसत नाही. घरी पिकवणाऱ्याच्या दृष्टीने यातला एकही दोष नाही. दर हंगामात चांगल्या झाडांचे कंद मी बेण्यासाठी राखत आले. मग पानं कडेने वर वळू लागली, चिवट झाली, झाडं खुजी राहिली आणि कंद लहान होत गेले. रोगट झाडं दिसली की उपटली, बेण्याचा वाफा वेगळा केला, माव्यावर लक्ष ठेवलं. पण पानं गुंडाळणारा विषाणू एकदा कंदात उतरला की त्या कंदातून उगवणारं प्रत्येक झाड तो घेऊनच उगवतं. त्यावर फवारणी नाही, औषध नाही. तो वाण पुन्हा मिळवायचा तर निरोगी बेणंच हवं, आणि ते तुमच्याशिवाय कुणाकडेही नाही.

बटाट्याची ही अडचण वाल, भोपळा किंवा टोमॅटो लावणाऱ्याला नसते. त्या पिकांचं जुनं बी पुडीत भरून कपाटात काही वर्षं ठेवता येतं. बटाट्याचा वाण पुडीत राहत नाही. बटाट्याच्या झाडालाही छोटी हिरवी फळं येतात, त्यांत बी असतं. पण लागवडीखालच्या बहुतेक बटाट्यांत गुणसूत्रांचे चार संच, म्हणजे ४८ गुणसूत्रं असतात, आणि त्या बियांतून येणारं प्रत्येक रोप आईपेक्षा वेगळं निघतं. वाण जसाच्या तसा टिकवायचा तर कंदच लावावा लागतो, आणि कंद एक हंगाम थांबतो, फार तर थोडा अधिक. एका वर्षी लावला नाही, की साखळी तुटते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरची, बर्फातली बियाण्यांची तिजोरी २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा पुष्कळांना वाटलं की आता सगळी पिकं सुरक्षित झाली. तिथे वाळवून गोठवलेलं बी ठेवतात. जुन्या बटाट्याचा नेमका वाण, त्याच चवीचा आणि त्याच आकाराचा, बियांच्या पाकिटात मावत नाही. तो टिकतो शेतात, नाहीतर नळीतल्या रोपाच्या रूपात, नाहीतर उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या शेंड्याच्या रूपात. शेवटच्या दोन्ही जागांच्या किल्ल्या तुमच्या हाती आहेत.

तक्रारींकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण असं पत्र आलं की ‘यांना नियम नको आहेत’ असा समज लगेच होतो. आम्हाला रोगतपासणी हवी आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये करप्याने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे: सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली, आणि त्या वेळी गरिबांच्या शेतात मुख्यतः ‘लंपर’ हा एकच वाण होता. कंदांवर चामखिळीसारख्या गाठी आणणाऱ्या चामखीळ रोगाचे बीजाणू जमिनीत दशकानुदशकं तग धरतात. मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमींच्या, म्हणजे सूक्ष्म जंतांच्या, अंडी भरलेल्या गाठी एकदा मातीत गेल्या की त्या जमिनीत बटाटा घेणं अनेक वर्षं जोखमीचं होतं. बेण्यावरचे निर्बंध याच अनुभवातून आले आहेत आणि ते योग्य आहेत. उलट माझं म्हणणं असं आहे की तुमची आजची पद्धत रोग थांबवण्याच्या कामातच कमी पडते. निरोगी बेण्याचा सरळ रस्ता नसला की माणसं आडवाटेने मिळवतात. कंद पाकिटात घालून टपालाने जातात, ओळखीतून ओळखीत फिरतात, प्रवासाच्या पिशवीतून सीमा ओलांडतात. त्यांच्यासोबत विषाणू जातात, कंद आतून सडवणारे जिवाणू जातात, मातीचे कण जातात. या माणसांना रोग पसरवायचा नसतो. त्यांना एक वाण वाचवायचा असतो, आणि तपासलेला कंद कुणीही देत नसतं.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी तक्रार अधिकृत यादीबद्दल आहे. वाण यादीत ठेवायचा तर कुणीतरी त्याची जबाबदारी घ्यावी लागते, शुल्क भरावं लागतं, शुद्ध बेण्याचा साठा राखावा लागतो. मोठ्या क्षेत्रावर पेरल्या जाणाऱ्या वाणाला हे परवडतं. ज्याचं बेणं वर्षाला काही पोतीच खपतं, त्याला परवडत नाही. मग एक दिवस नूतनीकरण होत नाही आणि वाण यादीतून निघतो. तो कुठल्या रोगामुळे निघत नाही, चव बिघडली म्हणूनही नाही. कागद भरणारा कुणी उरलेला नसतो, एवढंच कारण असतं. आणि तो निघणार आहे हे आम्हाला आधी कुणीही कळवत नाही.

जर्मनीतल्या ‘लिंडा’ची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. १९७४ मध्ये मान्यता मिळालेला, लोकांच्या आवडीचा वाण. नव्या वाणाच्या मालकाला मिळणारा तीस वर्षांचा हक्क संपत आला तेव्हा, २००४ मध्ये, ज्या कंपनीचा तो होता तिनेच त्याची मान्यता काढून घेतली. हक्क संपल्यावर तो कुणालाही मुक्तपणे पिकवता आला असता; मान्यताच गेल्यावर त्याचं बेणं विकायची वाट बंद होऊ लागली. शेतकरी आणि खाणारे एकत्र आले, वर्षानुवर्षं भांडले, आणि २०१० मध्ये ‘लिंडा’ला पुन्हा परवानगी मिळाली. ज्या वाणामागे असं लोकबळ उभं राहिलं तो वाचला. ज्या वाणाला ओळखणारी मोजकीच माणसं उरली आहेत त्याच्यासाठी कोण भांडणार? त्याची नोंद पुसली गेली हेही कुणाच्या लक्षात येत नाही.

युरोपीय संघाने २००८ मध्ये जुन्या आणि स्थानिक वाणांसाठी ‘संवर्धन वाण’ ही वेगळी, तुलनेने सोपी नोंदणी आणली. त्यात बेण्याच्या प्रमाणावर मर्यादा आहे: बटाट्याच्या बाबतीत त्या देशात लागणाऱ्या एकूण बेण्याच्या ०.३ टक्के, किंवा शंभर हेक्टरला पुरेल इतकं, यांतलं जे जास्त असेल ते. व्यापारी शेतीच्या अंगाने या मर्यादेवर पुष्कळ टीका झाली आहे. मला मात्र तीत एक उपयोगी कबुली दिसते: थोड्या प्रमाणात पिकणाऱ्या वाणाला मोठ्या वाणाची फूटपट्टी लावू नये, हे कायद्यानेच एकदा मान्य केलं. आम्हाला शंभर हेक्टर नकोत. आम्हाला शंभर वाफे पुरतात. पण या सोप्या नोंदणीतही अर्ज करणारा, साठा राखणारा, जबाबदारी घेणारा लागतोच, आणि एकट्या परसबागवाल्याला ते पेलत नाही.

दुसरी तक्रार प्रमाणाची आहे. प्रमाणित बेणं पोत्याच्या हिशेबात विकलं जातं. घरच्या बागेत एका वाणाचे पाच कंद लावले तर एका झाडाला ३० सेंटिमीटर धरून दीड मीटरची एक सरी भरते. पन्नास ग्रॅमचा कंद धरला तर ते पाव किलो बेणं झालं. सहा वाण लावायचे तर दीड किलो. आमची गरज इतकी लहान आहे, आणि तिच्यासाठी तुमच्या नियमात वेगळा आकारच नाही. मोठ्या खेपेच्या तपासणीचं जे शुल्क, जवळपास तेच लहान खेपेलाही लागलं तर लहान उत्पादक जुना वाण हातात धरणारच नाही.

तिसरी तक्रार जनुकपेढ्यांच्या दाराबद्दल. अन्न आणि शेतीसाठीच्या वनस्पती जनुकसंपत्तीचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला, २००४ मध्ये लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमात साहित्य कशासाठी द्यायचं ते लिहिलं आहे: संशोधन, वाण-सुधारणा आणि प्रशिक्षण यांसाठीचा वापर आणि संवर्धन. मला आलेलं उत्तर याच शब्दांच्या आधाराने लिहिलेलं असावं. पण त्याच करारात शेतावरच्या संवर्धनाला पाठबळ द्या असंही म्हटलं आहे, आणि नवव्या कलमात पिकं जपण्यात आणि घडवण्यात शेतकऱ्यांनी दिलेलं योगदान मान्य केलं आहे. बाराव्या कलमाचा अर्थ लावताना तुम्ही या बाकीच्या पानांकडे पाठ फिरवता. कराराने तुम्हाला लागवडीसाठी वाण द्यायला भाग पाडलेलं नाही, हे खरं. पण ज्या वाणावर आता कुणाचाही हक्क उरलेला नाही, त्याचं निरोगी रोप घरच्या बागेसाठी द्यायचं की नाही हे तुमच्या धोरणावर अवलंबून आहे. धोरण बदलता येतं.

ते बदलल्याची उदाहरणंही आहेत. पेरूची राजधानी लिमा इथे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राकडे अँडीजमधल्या देशी बटाट्यांचे हजारो वाण आहेत. पेरूमध्ये कुस्कोजवळ पिसाक इथल्या शेतकरी समुदायांनी मिळून ‘बटाटा उद्यान’ उभं केलं. केंद्राने २००४ मध्ये त्यांच्याशी करार केला आणि त्यांच्याच भागातून पूर्वी गोळा केलेले चारशेहून अधिक वाण विषाणूमुक्त करून त्यांच्या शेतात परत दिले. जनुकपेढीतला वाण पुन्हा मातीत नेता येतो आणि त्याने कुठलंही आकाश कोसळत नाही, याचा याहून मोठा पुरावा कशाला हवा? अमेरिकेत १९७५ पासून बी जपणाऱ्यांचं एक जाळं काम करतं, स्वित्झर्लंडमध्ये ‘प्रोस्पेसीए रारा’ ही संस्था १९८२ पासून जुनी पिकं आणि जनावरं जपते. हे काम सामान्य माणसांच्या बागांमधूनच चालतं.

आणि हे काम करणारा माणूस अनाडी असतो असं कुणी समजू नये. १८७२ मध्ये अमेरिकेतल्या ल्यूथर बरबँक या तरुणाला आपल्या बागेतल्या ‘अर्ली रोझ’ बटाट्याच्या झाडावर एक फळ दिसलं. त्यातल्या २३ बिया त्याने लावल्या, आणि आज अमेरिकेत तळणीच्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर जाणाऱ्या ‘रसेट बरबँक’ बटाट्याचं मूळ त्यांतल्या एका रोपात आहे. ‘बिन्त्ये’ हा वाण नेदरलँड्समधल्या एका शाळामास्तरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केला आणि आपल्या एका विद्यार्थिनीचं नाव त्याला दिलं. युरोपभर तो कित्येक दशकं पिकला. करप्याला तो फार लवकर बळी पडतो, हेही सांगायला हवं. जुना म्हणून प्रत्येक वाण गुणी असतो असं माझं म्हणणं नाही. पण त्या मास्तरांना तेव्हा ‘तुम्ही संशोधक नाही’ असं उत्तर मिळालं असतं तर?

चौथी तक्रार लहान आहे पण रोजची आहे. माझ्याकडच्या वाणाचं नाव तोंडी आलेलं आहे. ते खरं की खोटं हे तपासायला मला मार्ग नाही. एकच वाण तीन नावांनी फिरतो, तीन वेगळे वाण एकाच नावाने फिरतात. पानाच्या तुकड्यावरून विषाणूही ओळखता येतात आणि जनुकीय खुणांवरून वाणही ओळखता येतो. तुमच्या प्रयोगशाळांत दोन्ही गोष्टी नेहमीच्या आहेत. आमच्यासाठी त्यांची खिडकी बंद आहे.

‘एवढ्या लोकांसाठी बेणं करायचं कसं?’ असा प्रश्न येईल. शेतात एका कंदापासून एका हंगामात साधारण दहा कंद मिळतात. तो वेग धीमा आहे हे खरं. पण ऊतिसंवर्धनाचा, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून नळीत रोप वाढवण्याचा, वेग वेगळा आहे. १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्तां या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की शेंड्यावरचा अगदी टोकाचा वाढबिंदू वेगळा करून वाढवला तर विषाणूग्रस्त झाडातूनही निरोगी रोप मिळू शकतं. तेव्हापासून हे तुमचं रोजचं तंत्र आहे. नळीतल्या एका रोपाचे पेरागणिक चार तुकडे केले तर तीन-चार आठवड्यांत चार रोपं होतात. चार फेऱ्यांत २५६. ती कीटकरोधक जाळीघरात लावली की त्यांच्यापासून लघुकंद मिळतात. एका वाणाचे काही शे लघुकंद म्हणजे तुमच्या एका लहान टेबलावरचं काम आहे. दरवर्षी सगळेच वाण करा असंही आम्ही म्हणत नाही. आळीपाळीने करा, वर्षाला दहा वाण करा. आम्ही थांबू.

दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४१ मध्ये, रशियातल्या लेनिनग्राड शहराला वेढा पडला तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव यांच्या, पिकांचे वाण जपणाऱ्या संस्थेतल्या अब्राहम कामेराझ आणि ओल्गा वोस्क्रेसेन्स्काया यांनी तोफांच्या माऱ्याखाली पाव्लोव्स्कच्या शेतातून बटाट्यांचा संग्रह शहरात आणला. उपाशी शहराच्या मध्यभागी, गोठवणाऱ्या थंडीत, तळघरात जळण जाळून ते कंद जगवले गेले. ज्या पेशाच्या लोकांनी एवढं केलं, त्याच पेशात तुम्ही आहात. म्हणूनच तुमच्याकडून मला अपेक्षा आहे. ती नसती तर हे पत्र लिहिलंच नसतं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

घरगुती लागवडीसाठी बेण्याचा एक वेगळा वर्ग करा: एका माणसाला एका वाणाचे पाच ते दहा रोगमुक्त लघुकंद, प्रमाणपत्रासह, वाजवी शुल्कात. तपासणी सगळी ठेवा. शुल्क मात्र खेपेच्या आकाराप्रमाणे लावा.

कुठलाही वाण यादीतून काढण्याआधी किमान दोन वर्षं जाहीर सूचना द्या. त्या काळात दुसऱ्या कुणाला, एखाद्या लहान गटालाही, त्याची जबाबदारी घ्यायची मुभा द्या. वाण काढायचाच झाला तर त्याचं विषाणूमुक्त रोप सार्वजनिक संग्रहात जमा झाल्याशिवाय काढू नका.

तुमच्या संग्रहात कोणकोणते वाण आहेत, त्यांतले कोणते विषाणूमुक्त केलेले आहेत आणि कोणत्या वाणांवर कुणाचाही हक्क उरलेला नाही, याची सोप्या भाषेतली यादी सर्वांना वाचता येईल अशी ठेवा.

विषाणू तपासणी आणि वाणाची ओळख पटवणं या दोन सेवा सामान्य माणसाला खुल्या करा. यातून तुम्हालाही मिळेल: हरवले असं मानलेले वाण अनेकदा कुणाच्या तरी वाफ्यातच असतात, आणि असा कंद तपासणीला आला तर पहिल्यांदा तो तुमच्याच टेबलावर येईल.

विनाव्यापार, हाताबाहेर न जाणाऱ्या प्रमाणात, एकाच भागातल्या बागवाल्यांनी आपसात तपासलेलं बेणं देणं-घेणं कायदेशीर आहे असं स्पष्ट लिहून द्या. ज्या भागात चामखीळ रोग किंवा सूत्रकृमी आढळले आहेत तो भाग यातून वगळा.

आमच्याकडून आम्ही काय करू तेही लिहिते. मिळालेलं बेणं विकणार नाही. रोगबंदीची हद्द ओलांडून ते कुठेही नेणार नाही. लागवडीची नोंद ठेवू, पान वळलं, डाग पडला, झाड अचानक मान टाकू लागलं तर लगेच कळवू. तुम्ही सांगितलंत तर अख्खा वाफा उपटून नष्ट करू. पीक कसं आलं, कुठल्या मातीत कसं वागलं, कोंब कधी फुटले, साठवणीत किती टिकलं याची माहिती दर हंगामात पाठवू. जुन्या वाणांबद्दलची अशी माहिती आज फारशी कुठे जमा होत नाही.

जाळीघरातून लघुकंद निघून ते सुप्तावस्थेतून बाहेर यायला काही महिने जातात. म्हणून पुढच्या लागवडीसाठी निर्णय लागवडीच्या तोंडावर घेऊन चालणार नाही, तो आत्ताच व्हायला हवा. सुरुवात एका वाणाने करायची असेल तर मी वर ज्याचं वर्णन केलं आहे त्याची नोंद तुमच्या संग्रहात आहे. माझ्या जुन्या अर्जावर तिचा क्रमांक लिहिलेला आहे. तो अर्ज पुन्हा उघडावा आणि लेखी उत्तर द्यावं, ही विनंती.

आपली,
परसबागेत बटाटे लावणारी एक बाई